‘चालू दे’चं बटण

सिन्नर
१२ जून २०२५

चि. वेदिकास,
अनेक आशीर्वाद. हे हाताच्या सवयीने लिहिलं गेलं, मनातून नाय.

तू नाशकात, मी सिन्नरला. मधे तीस किलोमीटर. जीपमध्ये बसलो तर तासाभरात तुझ्या दारात उभा राहीन. आलो नाय, कारण तू समोर आलीस तर माझ्या तोंडून काय निघेल त्याचा भरवसा नाय, आणि तुझ्या आईसमोर, माझ्या सख्ख्या बहिणीसमोर, मला तो तमाशा करायचा नाय. फोन पाच वेळा केला. पाचही वेळा तेच, ‘मामा, मीटिंगमध्ये आहे, करते.’ म्हणून लिहितो. फोनवरचं बोलणं हवेत जातं, कागद हातात राहतो. तूही कागदावरच उत्तर दे.

काय झालं ते तुला कंपनीने सांगितलं असेल, पण माझ्याकडून ऐक. ३ जूनला मंगळवारी, सकाळच्या शिफ्टला, साडेअकराच्या सुमारास शुभांगी उगले चार नंबरच्या प्रेसवर होती. डायवर, म्हणजे खालच्या साच्यावर, पत्रा तिरका बसला म्हणून तिने उजव्या हाताने सरळ केला. तेवढ्यात प्रेस खाली आली. दोन बोटं जागेवर गेली. तिसरं नाशकात दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांनी काढलं. सत्तावीस वर्षांची पोरगी, पांगरीहून रोज शेअर जीपने येते. प्रेसचं काम तिला मी शिकवलं. माझ्या हाताखालची सगळ्यात हुशार ऑपरेटर.

आणि डोक्यावर तुझी कॅमेऱ्याची पेटी होती. हिरवा दिवा लावून बघत बसली होती. हात दिसतोय, प्रेस उतरतेय, आणि ही बया ढिम्म!

चार नंबरवर बसायला बाया घाबरायच्या तेव्हा मी त्यांना काय सांगितलं माहितीय? म्हटलं, अगं, माझ्या भाचीने बनवलीय ही, हिला हात दिसला की प्रेस जागच्या जागी थांबते. माझा स्वतःचा हात घालून दाखवला. वीस वेळा. वीसही वेळा थांबली. माझी छाती ही एवढी फुगली होती. मग आता काय झालं तिला, डोळे फुटले?

आमचे मालक शेखरशेठ लय चपळ निघाले. त्यांनी कागद तयार केलाय, ‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे अपघात’. त्यावर शुभांगीची सही पाहिजे. ती करत नाय. तर म्हणाले, उजवा हात नाय ना, मग डाव्या हाताचा अंगठा उठवा. बारावी पास पोरीला अंगठा! मी तिथंच उभा होतो, माझं डोकं असं सणकलं की काय सांगू.

मला तुझ्याकडून दोनच गोष्टी पाहिजेत. पेटी का थांबली नाय ते लिहून दे, म्हणजे त्या पोरीच्या कपाळावरचा निष्काळजीपणाचा शिक्का पुसला जाईल. आणि एमआयडीसीतल्या बाकीच्या अकरा वर्कशॉपात तसल्याच पेट्या लावल्यात, तिथंही बायाच बसतात. त्या बंद कर. आज कर.

सोमनाथमामा


नाशिक
१७ जून २०२५

ती. सोमनाथमामांस,
सा. न. वि. वि.

शुभांगीताईंबद्दल ऐकून फार वाईट वाटलं. फोनवर नीट न बोलल्याबद्दल रागावू नका. कंपनीचा तपास चालू आहे आणि तो होईपर्यंत आम्हाला बाहेर काही बोलायची परवानगी नाही. तरी तुम्ही विचारलंत म्हणून जेवढं सांगता येईल तेवढं लिहिते.

ही यंत्रणा कशी चालते ते आधी सांगते. प्रत्येक पेटी आपापल्या वर्कशॉपमध्ये शिकते. प्रेसखाली हात कधी धोक्यात असतो आणि कधी नसतो, हे ती रोजच्या कामातून शिकते. शिफ्ट सुटली की ती जवळच्या दोन-तीन पेट्यांना आपण काय शिकलो ते कळवते, त्यांचं ऐकते आणि सगळ्यांच्या मधलं काय ते धरते. असं रोज होत होत बाराही पेट्या एका मतावर येतात. कॅमेऱ्यातली चित्रं मात्र वर्कशॉपच्या बाहेर जात नाहीत. मालकांना आपल्या डायचं डिझाइन शेजाऱ्याला दिसायला नको होतं, म्हणून तर ते तयार झाले. एकटी पेटी चुकू शकते. बारा जणी मिळून शिकल्या की एकीची चूक दुसरी सावरते. हीच या कामातली खरी ताकद आहे, आणि म्हणूनच मी यात पडले.

तुमच्या पेटीच्या नोंदी मी स्वतः तपासल्या. ती बाकीच्या अकरा पेट्यांशी पूर्ण एकमतात होती. बिघाड असता तर ती वेगळी पडलेली दिसली असती. त्यामुळे कारण दुसरीकडे शोधावं लागेल. त्या दिवशी कॅमेऱ्याच्या काचेवर तेल उडालं होतं का? शुभांगीताईंनी हातमोजे घातले होते का? शेडमधली ट्यूब बंद होती का? कृपा करून आठवून कळवा.

पेट्या बंद करणं माझ्या एकटीच्या हातात नाही. शिवाय बंद केल्या तर आहे तेवढंही संरक्षण जाईल, असं आमच्या टीमचे प्रमुख ज्ञानेश सर यांचं मत आहे.

आई तुमची आठवण काढते. तब्येतीला जपा.

तुमची,
वेदिका


सिन्नर
२१ जून २०२५

वेदिका,

तुझं पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. मग उठून दोन तांबे पाणी प्यालो.

काचेवर तेल! अगं, ती काच शुभांगी रोज सकाळी स्वतःच्या रुमालाने पुसायची. मी म्हणायचो, एवढी घासू नको, झिजून जाईल. हातमोजे शेठ देत नाय. ट्यूब चालू होती. आता अजून काय विचारायचं राहिलंय, तिची कुंडली? तुला वाटलं मामाला गुंडाळावं, चार चांगले शब्द टाकावेत, शेवटी आईची आठवण ठेवून द्यावी. मी तुझ्या आईच्या पाठचा आहे. गुंडाळणं आमच्या घरात कसं करतात ते मला तुझ्या आधीपासून माहितीय.

आणि एकमताचं तर बोलूच नको. गावात एकमताने पास झालेले ठराव मी लय पाहिलेत. एक जण बोलतो, बाकीचे चहा पितात, आणि खाली लिहितात ‘सर्वानुमते मंजूर’.

म्हटलं, आपणच बघावं. परवा जेवणाच्या सुट्टीत पुंजाकडे गेलो. आमच्याच गल्लीतलं दुसरं वर्कशॉप, तो तिथं ऑपरेटर आहे, त्यांच्याकडेही तुझी पेटी आहे. मी विचारलं, कशी चालते रे तुमची? तो म्हणाला, “आता झकास. आधी लय छळायची. दिवसातून चाळीस वेळा थांबायची, कामाचा खोळंबा. आता महिन्यापासून शहाणी झालीय, गप असते.”

मी म्हटलं, थांबायची तेव्हा हात आत असायचा का?

“असायचाच की! म्हणून तर थांबायची. हात काढायचा, ‘चालू दे’ दाबायचं, पुढचा पत्रा घ्यायचा.”

म्हटलं, आणि दुसरं बटण आहे ना, ‘बरोबर थांबली’, ते का नाय दाबत?

तर मलाच हसला. “मामा, ते दाबलं की मशीन लॉक होतं. सुपरवायझर येऊन चावी फिरवेपर्यंत बसून राहा. सुपरवायझर एक, शेड तीन. कोण बसतंय? एमआयडीसीत कुणीच दाबत नाय.”

हे खरं आहे का बघायला आणखी चार ठिकाणी फिरलो. सगळीकडे तेच. ‘चालू दे’ बटणाचा रंग उडालाय आणि ‘बरोबर थांबली’ अजून नवंकोरं.

आमच्याकडे असं नव्हतं. मी डाय बसवणारा सेटर, दिवसभर शेडमध्येच असतो, चावी माझ्या कमरेला. मी बायांना शिस्त लावली होती. पेटी थांबली की आधी खरं ते दाबा, ‘बरोबर थांबली’, मग मला हाक मारा, मी पळत येतो. पाच महिने एकीनेही चुकवलं नाय. शुभांगी तर कधीच नाय.

आणि हेच माझ्या डोक्यात जातंय बघ. जिथं कुणी शिस्त पाळली नाय तिथं सगळ्यांची बोटं शाबूत. आणि जिने पाच महिने इमानदारीत खरं बटण दाबलं, तिचीच बोटं जावीत? हा कुठला न्याय, ते तुझ्या ज्ञानेश सरांना विचार. उत्तर आलं की कळव. नाहीतर तोंड घेऊन माझ्याकडे भाऊबीजेला येऊ नकोस.

सोमनाथ


नाशिक
२४ जून २०२५

मामा,

तुमचं पत्र ऑफिसात उघडलं. पुंजाकाकांचं बोलणं वाचलं आणि पुढचं वाचताच आलं नाही. जिन्यात जाऊन बसले.

तुम्ही ज्याला अन्याय म्हणता ना, तेच उत्तर आहे. तुम्हाला दिसलं नाही, पण तुम्हीच ते लिहिलंय.

पेटीला ‘चालू दे’ म्हणजे ‘मशीन पुन्हा सुरू कर’ एवढंच कळत नाही. पेटीच्या लेखी त्याचा अर्थ आहे, ‘धोका नव्हता, तू उगाच थांबलीस.’ मी तिला तसंच शिकवलंय. म्हणजे अकरा वर्कशॉपमध्ये चार महिने, दिवसाला तीस-चाळीस वेळा, हात खरोखर प्रेसखाली असताना पेटी बरोबर थांबत होती, आणि माणसं तिला सांगत होती की तू चुकलीस. ती शिकली. तिने शिकू नये तर काय करावं? मग रोज शिफ्ट सुटल्यावर त्या अकरा जणी तुमच्या पेटीला तेच सांगायच्या.

तुमची पेटी ऐकत नव्हती. हे मला तुम्हाला सांगायचं नव्हतं, पण आता सांगते. एप्रिलमध्ये मला पडद्यावर दिसलं की तुमची पेटी बाकीच्यांपासून लांब पडत चाललीय. अकरा एका बाजूला, ही एकटी दुसऱ्या बाजूला. मला वाटलं हिच्यात बिघाड आहे. इथं बसल्या बसल्या मी एक आकडा बदलला, म्हणजे तिने स्वतःचं कमी आणि शेजारच्यांचं जास्त ऐकावं. पाच दिवसांत ती बाकीच्यांसारखी झाली. त्या आठवड्याच्या अहवालात मी लिहिलंय, ‘पेटी क्रमांक सात सुधारली.’ सात म्हणजे तुमची. मागच्या पत्रात तुम्हाला ते एकमत मी अभिमानाने सांगितलं.

मी ज्ञानेश सरांना हे सगळं दाखवलं. त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं. मग म्हणाले, पंधरा दिवसांत दुरुस्ती पाठवू, तोपर्यंत यातला एकही शब्द कागदावर जाता कामा नये. हे पत्रसुद्धा मी लिहायला नको होतं. तुम्ही कुणाला दाखवू नका.

पण मामा, एक गोष्ट मला बोलू द्या, कारण तुम्ही मला एकटीलाच धारेवर धरताय. दिवाळीत तुमच्याकडे आले होते तेव्हा मी तुम्हाला विचारलं होतं, या बटणावर मराठीत काय लिहू? मी ‘सूचना अमान्य’ असं काहीतरी काढलं होतं. तुम्ही हसलात आणि म्हणालात, असलं पुस्तकी कोण वाचतंय, सरळ ‘चालू दे’ लिही. शब्द तुमचा आहे, मामा. मी तो जसाच्या तसा उचलला.

वेदिका


सिन्नर
२८ जून २०२५

वेदिका,

शब्द माझा. कबूल. शंभर वेळा कबूल. पोलिसांपुढे म्हणशील तर तिथंही कबूल.

आता तू ऐक. मी जेवत होतो, तू मोबाइल माझ्या ताटापुढे धरलास आणि विचारलंस, ‘मामा, पेटी थांबल्यावर मशीन परत सुरू करायचं बटण, त्यावर काय लिहू?’ एवढंच. सुरू करायचं बटण! मी तुला सुरू करायचा शब्द दिला. आमच्या लाइनीत काय म्हणतात ते दिलं. पत्रा बसला, हात काढला, चालू दे. तीस वर्षं म्हणतोय. त्या बटणातून पेटी काय धडा घेणार, हे तू मला सांगितलंस का? सांगितलं असतंस तर घास ताटात टाकून तुला म्हटलं असतं, बाई, मशीन सुरू करू का, हा एक प्रश्न झाला. आणि थांबलं ते बरोबर होतं का, हा दुसरा. दोन प्रश्नांना एक बटण कुठल्या शहाण्याने लावलं?

एवढी शिकलीस, मोठमोठ्या लोकांपुढे भाषणं केलीस. एक शिफ्ट, फक्त एक शिफ्ट पुंजाच्या शेजारी स्टूल टाकून बसली असतीस तर दुपारच्या चहाआधी तुला हे दिसलं असतं. पण तू पडद्यावर अकरा ठिपके एका बाजूला आणि एक ठिपका दुसऱ्या बाजूला बघितलास, आणि तुला वाटलं एकटा तोच खोटा. एक फोन करायचास. ‘मामा, तुमची पेटी वेगळं का बोलतेय?’ मी सांगितलं असतं, कारण आमच्या बाया खरं बोलतात! मामा आहे ना मी तुझा? का फक्त दिवाळीला जेवायला?

चीड तुझी येते. त्याच्यापेक्षा जास्त कुणाची येते ते आता सांगतो. तू लपवलेलं सांगितलंस, तर मीही पहिल्या पत्रात एक गाळलं होतं.

चार नंबरला आधी दोन हातांची बटणं होती. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस उतरायची, त्यामुळे हात आत जायचा प्रश्नच नव्हता. तुझी पेटी आल्यावर शेखरशेठ म्हणाले, आता कशाला ती बटणं, पायाचं पेडल लाव, माल दीडपट निघेल. मी लावलं. माझ्या पान्याने. ती बटणं असती तर तुझी पेटी ठार आंधळी असती तरी शुभांगीची बोटं राहिली असती. नाय म्हणायची माझी ताकद होती, शेठ माझ्याशिवाय एक डाय बसवू शकत नाय. पण मी तोऱ्यात होतो. माझ्या भाचीची पेटी! लय मिरवलं, आता भोगतोय.

हे मी कारखाना निरीक्षकांना लिहून दिलंय, परवा. माझ्या नावानिशी, पेडलाचं सगळं. शेठनी कालपासून येऊ नको म्हणून सांगितलं. बरं झालं, दिवस मोकळा मिळाला. मोटरसायकल काढली आणि अकराही ठिकाणी जाऊन सांगतोय, पेटीची वायर काढा आणि दोन हातांची बटणं परत लावा. चौघांनी माझ्यासमोर काढली. तिघे म्हणाले बघू. बाकीच्यांनी गेटच्या आत घेतलं नाय, म्हणतात कंपनीचा कागद दाखव. तुझ्या कंपनीला पंधरा दिवस पाहिजेत. तुला माहितीय का, पंधरा दिवसांत एका प्रेसखाली किती वेळा हात जातो? पुंजा म्हणाला तेच धर. दिवसाला चाळीस. सात वर्कशॉप. गुणाकार तुला येतो.

शुभांगी घरी आलीय. भेटायला गेलो तर बोलत नाय, भिंतीकडे तोंड करून बसते. शेठचा माणूस रोज तो कागद घेऊन जातो, आणि तिच्या घरचेही आता म्हणायला लागलेत, कर एकदाची सही आणि मिटव.

मला पत्र लिहू नकोस. माझी समजूत काढून काय उपयोग? तिला लिही. जे मला लिहिलंस ते तिला लिही, आणि असं लिही की कुठंही दाखवता येईल. ‘कुणाला दाखवू नका’ असं खाली लिहायचं असेल तर पाकीट चिकटवू नकोस, चुलीत घाल.

सोमनाथ


नाशिक
२ जुलै २०२५

श्रीमती शुभांगी उगले यांस,
पांगरी, ता. सिन्नर

हे पत्र तुम्ही कुणालाही दाखवू शकता. याच्या प्रती मी कारखाना निरीक्षकांना आणि बाराही वर्कशॉपच्या मालकांना पाठवल्या आहेत.

मी वेदिका. चार नंबरच्या प्रेसवरच्या पेटीला शिकवणाऱ्यांपैकी मी एक. सोमनाथमामा माझे सख्खे मामा. ३ जूनच्या पेटीच्या नोंदी मी स्वतः वाचल्या आहेत आणि त्या या पत्रासोबत जोडल्या आहेत. त्यात काय आहे ते साध्या भाषेत लिहिते.

तुमचा हात पेटीला दिसला होता. प्रेस उतरायच्या आधी दिसला होता. काच स्वच्छ होती, उजेड पुरेसा होता. मार्चमध्ये अगदी तशाच जागी हात दिसला तेव्हा पेटीने शंभरात ब्याण्णव धोका धरला होता आणि प्रेस थांबवली होती. ३ जूनला तसाच हात दिसल्यावर तिने शंभरात एकोणतीस धरला. पन्नासच्या खाली प्रेस थांबत नाही. म्हणून ती थांबली नाही.

ब्याण्णवचे एकोणतीस तुमच्यामुळे झाले नाहीत. तुम्ही पाच महिन्यांत एकदाही चुकीचं बटण दाबलेलं नाही. नोंदीत तुमची एकशे अठरा उत्तरं आहेत आणि एकशे अठराही खरी आहेत. बाकीच्या अकरा ठिकाणी ‘चालू दे’ हे बटण लोकांनी मशीन सुरू करायला दाबलं, आणि आम्ही पेटीला त्याचा अर्थ ‘धोका नव्हता’ असा शिकवला. ही चूक बटण दाबणाऱ्यांची नाही. एका बटणाला दोन कामं आम्ही दिली. ती चुकीची शिकवण एकमेकींकडून तुमच्या पेटीपर्यंत आली. तुमची पेटी ती मानत नव्हती. ११ एप्रिलला मी तिला मानायला लावलं. बिघडलेली समजून, न विचारता, एका आकड्याने.

त्यामुळे या अपघातात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ नाही. निष्काळजीपणा झाला तो माझा आणि माझ्या कंपनीचा. दोन हातांची बटणं काढल्याबद्दल सोमनाथमामांनी त्यांचं वेगळं लिहून दिलंच आहे.

काल सकाळी अकरा वाजता मी सगळ्या पेट्यांचं एकमेकींशी बोलणं तोडलं आणि त्यांना प्रेस खाली सोडू नका असा हुकूम दिला. आता पेटी लावलेली एकही प्रेस हलत नाही. दोन हातांची बटणं बसवून निरीक्षकांनी पाहिल्याशिवाय त्या सुरू होऊ नयेत असं मी मालकांना लिहिलं आहे. हे मी कंपनीला न विचारता केलं. दुपारी माझा राजीनामा मागितला, तो दिला.

माफी मागायचा मला हक्क नाही. तरी मागते.

वेदिका


पांगरी
९ जुलै २०२५

वेदिका मॅडम,

अक्षर वाकडं आहे, डाव्या हाताचं आहे. लागलं नाही तर दोनदा वाचा.

निरीक्षक सोमवारी आले होते. तुमचं पत्र मीच वाचून दाखवलं, सगळ्यांसमोर, शेखरशेठ बसले होते तिथंच. एकशे अठराचा आकडा दोनदा वाचला. शेठ म्हणाले कंपनीच्या भांडणात मला ओढू नका. निरीक्षकांनी त्यांच्या हाताने शेठच्या कागदावरचा ‘निष्काळजीपणा’ हा शब्द खोडला आणि खाली सही केली. मग मीही केली. अंगठा नाही, सही. अर्धा तास लागला. सगळे बघत होते, बघू दिलं.

पुंजाकाकांकडे आणि बाकी ठिकाणी दोन हातांची बटणं लागलीत. सोमनाथमामा जाऊन लावून देतात. ते माझ्याकडे येतात आणि रडतात. त्यांना सांगा रडायला येऊ नका, मला सहन होत नाही. काम असेल तर या.

आता तुमचं. माफी मिळणार नाही. तुम्ही राजीनामा दिला ते वाचलं. तुम्हाला दुसरीकडे काम मिळेल, तुमचे हात चांगले आहेत.

तुमच्या पत्रात लिहिलंय की हात दिसला होता. मला वाटायचं पेटीला दिसला नसेल. यंत्रच ते, नजर चुकली असेल, असं मी मनाला सांगायचे. दिसला होता, आणि तिला तो ओळखूही येत होता, आणि तुम्ही तिला गप केलं. हे वाचलं तेव्हा तुम्ही समोर असतात तर मी या डाव्या हाताने मारलं असतं. खोटं नाही सांगत.

पण अजून एक सांगायचं म्हणून हे पत्र. मी महिनाभर कुणाशी बोलत नव्हते. मामांना वाटलं मला दुःख झालंय. तसं नव्हतं. शेठचा माणूस रोज यायचा आणि रोज म्हणायचा, तूच निष्काळजी, आणि मला ते खरं वाटायला लागलं होतं. पत्रा तिरका बसला तर आधी हाक का मारली नाही. हात मागे का घेतला नाही. एवढी घाई कशाची होती. तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी त्या कागदावर सही करायला पेन काढून बसले होते. महिनाभर मी सकाळ-संध्याकाळ स्वतःला शिव्या घालत होते.

आता तुम्हाला घालते. तेवढं बरं वाटतं.

शुभांगी उगले